चार रात्रींचं पाणी

अकरावीला तर्कशास्त्र शिकवताना सुरुवातीलाच विधान म्हणजे काय ते सांगावं लागतं. जे वाक्य खरं किंवा खोटं असू शकतं ते विधान. 'कारंजा वर्धा जिल्ह्यात आहे' हे विधान. 'दार लाव' ही आज्ञा, 'केवढं ऊन हे!' हा उद्गार, 'पाऊस कधी येणार?' हा प्रश्न. यांतलं काहीच खरं नाही आणि खोटंही नाही, म्हणून विधान नाही. इथवर सगळे शिक्षक सारखंच शिकवतात. मी पुढे पुस्तकाबाहेरचं एक वाक्य फळ्यावर लिहायचो, 'चोरी करणं वाईट आहे.' पोरं एका आवाजात म्हणायची, "विधान, सर!" मग मी ते वाक्य पुसून उद्गाराच्या रकान्यात लिहायचो. दिसायला विधानासारखं आहे, पण याचा अर्थ 'चोरी? छी!' एवढाच, चोरीत वाईटपणा नावाचं काही दाखवता येत नाही, आपण फक्त आपली नापसंती बोलून दाखवतो, असं समजावायचो. वर्ग गप्प व्हायचा. ती शांतता मला आवडायची.

१९८९ पासून २०१३ पर्यंत, चोवीस वर्षं मी हे शिकवलं. आज मला ते चूक वाटतं. 'वाटतं' हा शब्द जुन्या सवयीनं लिहिला गेला. ते चूक होतं.

माझं मत असं कसं झालं, ते आधी सांगतो. घर शेतकऱ्याचं, नागपूर-अमरावती रस्त्यावरचं आमचं कारंजा, घाडग्यांचं. शिकायला अमरावतीला गेलो आणि तिथे ए. जे. एअर या इंग्रज तत्त्वज्ञाचं १९३६ सालचं पुस्तक हाती आलं. पंचविशीतल्या माणसानं लिहिलेलं ते पुस्तक मीही साधारण त्याच वयात वाचलं. जे अनुभवानं तपासता येतं किंवा निव्वळ शब्दांच्या अर्थावरून ठरतं तेवढंच खरं-खोटं. बाकी नीती, सौंदर्य, ईश्वर यांबद्दलची वाक्यं म्हणजे भावनेचा हुंकार. मला सगळं स्वच्छ झाल्यासारखं वाटलं. पुढे १९९० च्या एप्रिलमध्ये अमरावतीलाच तत्त्वज्ञान शिकवलेल्या दि. य. देशपांड्यांनी नागपुरात मासिक सुरू केलं, तेच पुढे 'आजचा सुधारक' म्हणून चाललं. मी वर्गणीदार झालो. एखादा अंक नावाच्या घोळात कारंजा लाडला जाऊन, तिथून फिरून आठ-पंधरा दिवसांनी माझ्याकडे यायचा. मी पोस्टात जाऊन विचारत बसायचो, इतकी ओढ होती. पुरावा मागायची सवय मला त्या वाचनानं लावली. त्या सवयीचं मी पुढे जे केलं, ते माझं मी केलं. त्याचा दोष त्या लिहिणाऱ्यांना देत नाही.

त्या मताची ओढ नुसती पुस्तकी नव्हती. माझी आजी संत्रा तोडायला आलेल्या मजुरांना पाणी द्यायची ते वरून, ओंजळीत धार सोडून. गडव्याला हात लागू द्यायची नाही. मी विचारलं तर म्हणायची, "तेच बराबर आहे." सूर्य पूर्वेला उगवतो हे ती ज्या आवाजात सांगायची, त्याच आवाजात हे सांगायची. तिच्या मायेवर मी वाढलो, आणि तिच्या त्या 'बराबर'ची मला चीड होती. एअर वाचल्यावर मला त्यावर उत्तर सापडलं. 'बरोबर' नावाचं काही नसतंच, असते ती सवय, आणि जितकी सवय जुनी तितका आवाज मोठा. नीतीत खरं-खोटं नाही म्हटलं की कुणाचा वरचष्मा उरत नाही, सगळे आपापल्या जागी सुखी. मला वाटायचं, हाच उदारपणा.

आजीचं चूक होतं असं मला म्हणायचं होतं, आणि ते म्हणायची सोयच मी मोडून टाकली होती, हे तेव्हा दिसलं नाही.

आता विहिरीचं सांगतो. हे आजवर मी फक्त दोन माणसांना सांगितलं आहे.

आजोबांनी खोदलेली विहीर सामायिक. वाटण्या झाल्या, धुरे पडले, पण विहिरीची वाटणी होत नाही; म्हणून पाळी ठरली. एक रात्र आमची, एक रात्र चुलतभावाची. मोटर एक, पाइपलाइनला दोन फाटे, प्रत्येक फाट्याला एक व्हॉल्व्ह. ज्याची पाळी त्याचा उघडा, दुसऱ्याचा बंद. चुलतभाऊ अवचित गेला आणि वहिनी एकटीनं दीड एकर संत्रा सांभाळू लागली.

२००९ चा उन्हाळा. लोडशेडिंग असं की शेतातली लाईन रात्रीच यायची. जून लागला तरी पावसाचा पत्ता नव्हता. आंबिया बहाराचं फळ लिंबाएवढं झालेलं, आणि त्या अवस्थेत पाण्याचा ताण पडला की झाड फळ टाकतं. विहिरीच्या काळ्या दगडावर पाण्याच्या जुन्या रेषा एकाखाली एक दिसत होत्या. वहिनी तिच्या पाळीच्या दिवशी सांजेला यायची, आपल्या बाजूचा व्हॉल्व्ह उघडायची, माझा बंद आहे ना ते बघायची आणि घरी जायची. मोटरला ऑटो स्विच होता, शेतात ठिबक होतं. रात्री दहाला लाईन आली की पाणी आपोआप सुरू. मी रानडुकरांच्या जागलीला शेतातच झोपायचो. "भाऊजी आहेत ना शेतात," असं ती तिच्या पोराला सांगायची.

तिच्या चार रात्री मी एक वाजता उठलो, तिचा व्हॉल्व्ह बंद केला, माझा उघडला. पाचला परत होता तसा करून ठेवला. दुसऱ्या रात्री, व्हॉल्व्ह फिरवल्यावर, मी क्षणभर तिथेच उभा राहिलो. तिच्या ओळींतून ड्रिपरची टपटप येत होती, ती हळूहळू विरळ होत थांबली. मग माझ्या बाजूनं सुरू झाली. अंधारात दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

पंधरा दिवसांनी वहिनी झाडांखालचं गळलेलं हिरवं फळ घमेल्यात वेचत होती. मला म्हणाली, "औंदा उनानं लय फळ गाळलं, भाऊजी." मी म्हणालो, "हो वहिनी." फळ माझ्याही झाडांचं गळलं होतं, थोडं कमी. त्यातलं किती उन्हानं गळलं आणि किती माझ्यामुळे, हे कुणालाच सांगता येणार नाही. पाणी किती घेतलं ते मात्र सांगता येतं.

सगळ्यात जड जाणारी गोष्ट अशी की मला तेव्हा शरम वाटली नव्हती. झाडं वाचली याचं बरं वाटलं होतं. वहिनीला राग नव्हता, कारण तिला माहीतच नव्हतं. गावात कुणी नाव ठेवत नव्हतं. म्हणजे माझ्याच शिकवणीप्रमाणे पाहिलं, तर त्या चार रात्रींबद्दल जगात कुठेही, कुणाच्याही मनात 'छी' नव्हती. आणि नीती म्हणजे 'छी'च असेल, तर तिथे वाईट असं काहीच घडलं नव्हतं.

२०१३ च्या घटक चाचणीत मी प्रश्न घातला होता, 'वैध अनुमानाचं एक उदाहरण तयार करून लिहा.' पोरं बहुधा माणूस मर्त्य आहे हेच लिहितात. रात्री पेपर तपासताना एका मुलीचं उत्तर समोर आलं. शेतकऱ्याच्या घरची पोर, घरात पाण्याची भांडणं ऐकत वाढलेली. तिनं लिहिलं होतं: चोरी करणं वाईट आहे. दुसऱ्याच्या पाळीचं पाणी घेणं ही चोरी आहे. म्हणून दुसऱ्याच्या पाळीचं पाणी घेणं वाईट आहे.

लाल पेन माझ्या हातात होता. माझ्या शिकवणीप्रमाणे या उत्तराला शून्य द्यायला हवं होतं. पहिलं वाक्य विधानच नाही, शेवटचंही नाही. मग अनुमान कसलं? पण अनुमान वैध होतं. त्यात एक फट नव्हती. पहिली दोन वाक्यं मान्य करून तिसरं नाकारणारा माणूस चुकतोच, हे मला बोटाच्या नखाइतकं स्पष्ट दिसत होतं. मी पूर्ण गुण दिले. त्या रात्री झोप आली नाही, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला ती उडाली होती ती तर्कशास्त्राच्या काळजीनं. विहीर पहाटे आठवली.

नंतर कळलं की पीटर गीच या तत्त्वज्ञानं हाच मुद्दा १९६५ साली एअरच्या बाजूच्या लोकांपुढे ठेवला होता. तो साध्या शब्दांत असा. 'चोरी वाईट असेल तर चोरीचा माल घेणंही वाईट' असं मी म्हणतो, तेव्हा मी चोरीला 'छी' म्हणत नसतो. 'असेल तर' एवढंच म्हणतो. उद्गाराला असं 'असेल तर' जोडता येत नाही. 'जर छी, तर' हे वाक्य होत नाही. तरीही 'चोरी वाईट' हे शब्द त्या वाक्यात बसतात, आणि अर्थ न बदलता बसतात, म्हणून तर निष्कर्ष निघतो. म्हणजे ते शब्द पहिल्यापासून विधानासारखंच काम करत होते. चोवीस वर्षं वर्गातली पोरं एका आवाजात जे सांगत होती, ते बरोबर होतं.

मग मी आपल्या भाषेकडे कान देऊन ऐकू लागलो. बेरीज जमली की आपण म्हणतो 'बरोबर', आणि म्हाताऱ्या बापाला घराबाहेर काढलं की म्हणतो 'हे बरोबर नाही'. हिशेब चुकतो आणि माणूसही चुकतो. नाणं खोटं असतं, साक्ष खोटी असते आणि नियतही खोटी असते. दोन्हीकडे एकच शब्द, आणि बोलणाऱ्याला दोन वेगळ्या गोष्टी बोलतोय असं कधी वाटत नाही.

पण एवढ्यानं काम भागत नाही, आणि इथे घाई केली तर मी पुन्हा तसाच शिक्षक होईन. जे. एल. मॅकी यांनी १९७७ साली यावर जे म्हटलं ते मला अजून सगळ्यात भारी आक्षेप वाटतो. नीतीची भाषा खऱ्या-खोट्याचा दावा करते हे त्यांना मान्य आहे. त्यांचं म्हणणं, तो सगळा दावाच फसलेला आहे. आपल्याकडचं उदाहरण देतो. रात्री जंगलात वाट चुकली की लोक म्हणतात चकवा लागला. 'चकवा पडीक विहिरीपाशी असतो. तिकडे पडीक विहीर आहे. म्हणून तिकडे चकवा आहे.' अनुमान वैध आहे, बोलणारा मनापासून बोलतोय, आणि चकवा नाहीच. चांगलं-वाईट हाही तसाच चकवा नसेल कशावरून? तो कुठे असतो? कशानं मोजायचा?

या प्रश्नाशी मी कित्येक महिने झगडलो. शेवटी मला माझ्याच विषयानं धरलं. 'पुरावा असेल तसं मानावं.' 'दोन आधारविधानं मान्य असतील तर निष्कर्ष मानलाच पाहिजे.' यातलं 'मानावं' आणि 'पाहिजे' कुठे असतं? ते कुठल्या काट्यावर मोजतात? जे मोजता येत नाही ते नाहीच म्हटलं, तर चांगल्या-वाईटाबरोबर ही दोन वाक्यंही वाहून जातात, आणि मग मॅकींचं म्हणणं मी का मानावं याला कारण उरत नाही. तर्कशास्त्राचा शिक्षक ही किंमत देऊ शकत नाही. याशिवाय, मी विहिरीपाशी उभं राहून मनात म्हणून पाहिलं, 'त्या चार रात्री काही वाईट घडलं नाही, तुला नुसतं तसं भासतंय.' ते मला म्हणवेना. 'जे मोजता येतं तेवढंच खरं' या तत्त्वाबद्दल मला जितकी खात्री होती, त्याहून कितीतरी पक्की खात्री मला त्या व्हॉल्व्हबद्दल होती. कमी खात्रीच्या गोष्टीसाठी जास्त खात्रीची गोष्ट सोडणं, हा विवेक नव्हे.

आणखी एक. लहानपणी मला अंबाडीची भाजी आवडत नव्हती, आता आवडते. आवड बदलली, संपलं. त्याबद्दल मी कुणाची माफी मागत नाही. विहिरीबद्दल माझ्या मनात जे उलटलं, ते असं नव्हतं. 'पूर्वी मला चालत होतं, आता चालत नाही' असं मी म्हणालो नाही. मी म्हणालो, तेव्हाही ते वाईटच होतं, मला दिसत नव्हतं. मला कळायच्या आधी, कुणालाही कळायच्या आधी, रात्री एक वाजता ते वाईट होतं. माफीला अर्थ येतो तो यामुळेच.

आता आजीकडे परत येतो, कारण तिच्यापासून मी पळालो होतो.

२० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले. ते तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेनं आधीच केलेला होता, तरी गावात मार बसला, पुढे दावा गुदरला आणि तो दहा वर्षं चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अस्पृश्यांच्या बाजूनं निकाल दिला. का दिला ते मी वाचलं तेव्हा थबकलो. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादि काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही, म्हणून. समजा त्यांनी ते सिद्ध केलं असतं. समजा हजार वर्षांची कागदपत्रं निघाली असती. निकाल कदाचित उलटा लागला असता, पण पाणी नाकारणं बरोबर ठरलं असतं का? ज्याला 'नाही' म्हणायचं आहे, त्याला रूढीपलीकडे, मोजदादीपलीकडे, गावातल्या सगळ्यांच्या पसंतीपलीकडे काहीतरी खरं आहे असं मानावंच लागतं. माझ्या जुन्या मताप्रमाणे महाडला दोन आवडी एकमेकींसमोर उभ्या होत्या, आणि एक संख्येनं मोठी होती. हे मी पुन्हा कधी बोलणार नाही.

त्याच सुमारास, १९२८ साली, आमच्या वर्ध्यात जमनालाल बजाजांनी लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुलं केलं. ज्यांनी विरोध केला त्यांनाही आपलंच बरोबर याची पूर्ण खात्री होती. पूर्वी मी असं उदाहरण देऊन म्हणायचो, बघा, दोघांनाही सारखीच खात्री, म्हणजे खरं असं काही नाही. केवढी ढोबळ चूक! दोन पोरांच्या बेरजा वेगळ्या आल्या, दोघंही आपल्या बेरजेवर अडून बसले, म्हणून बेरीज नसते काय? खात्री वेगळी, खरेपण वेगळं. आजीला खात्री होती. आजी चुकली होती. आज मी हे दोन्ही एका दमात म्हणू शकतो, आणि तिच्यावरची माया त्यानं उणी होत नाही.

सगळ्या प्रश्नांची उत्तरं अशी स्वच्छ नसतात, हेही मला मान्य आहे. त्याच १९२८ सालात साबरमतीच्या आश्रमात असह्य वेदनेत तळमळणाऱ्या एका वासराला गांधीजींनी इंजेक्शन देववून मरण दिलं, आणि अहिंसा मानणाऱ्यांनीच त्यांना संतापाची पत्रं लिहिली. गांधीजींनी त्यावर कारणं देऊन लिहिलं. कोणाचं बरोबर होतं ते मला आजही ठामपणे सांगता येत नाही. पण कारणं मागितली गेली आणि दिली गेली, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आवडीनिवडीला कारणं कुणी मागत नाही.

ज्या मुलामुलींनी चोवीस वर्षांत माझ्या वर्गात ते वाक्य उद्गाराच्या रकान्यात उतरवून घेतलं, त्यांना सांगतो: ते खोडा आणि विधानाच्या रकान्यात लिहा. तुम्ही पहिल्यांदा बरोबर उत्तर दिलं होतं.

मत २०१३ मध्ये बदललं. बायकोला सांगायला मला दोन वर्षं लागली, आणि वहिनीला सांगितलं ते थेट मागच्या एप्रिलमध्ये. याला मी कारण देणार नाही, कारण देण्यासारखं नाही.

वहिनी अंगणात तुरीची डाळ पाखडत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिचं सूप थांबलं. ती रडली नाही, ओरडली नाही. बराच वेळ डाळीकडे बघत राहिली, मग म्हणाली, "किती राती?"

"चार."

"पुऱ्या राती?"

"नाही. एक वाजेपासून पाचपर्यंत."

तिनं बोटांवर मोजलं. "मंजे सोळा घंटे. बराबर?"

"बरोबर."

"ते बराबर नाही केलं तुमी, भाऊजी."

मी मान खाली घातली. माझ्या पाळीतलं पाणी परत देतो म्हणालो. ती म्हणाली, "आता नको. मे मईन्यात द्या." एप्रिलच्या पाण्याला मे महिन्याच्या पाण्याची किंमत नसते, हे तिला माझ्याहून चांगलं कळतं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.

मे महिन्यात माझ्या पाळीच्या दोन रात्री तिच्या बाजूचा व्हॉल्व्ह उघडा राहिला, आठ-आठ तास. माझ्या पुढच्या पाळीलाही मी तिचाच व्हॉल्व्ह उघडा ठेवून दिला होता. सांजेला ती आली, तिनं तो बंद केला, माझा उघडला, आणि घरी गेली. सोळा तास पुरे झाले होते.